वॉर्डातली सिस्टर हल्ली रुग्णापेक्षा फायलीजवळ जास्त का असते?

सुमनताई
नमस्कार मंडळी. मी सरकारी नोकरीतून परिसेविका, म्हणजे वॉर्डाची मोठी सिस्टर, म्हणून निवृत्त झाले. सत्तरचं दशक संपता संपता जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केलं आणि पुढची सगळी नोकरी जिल्हा रुग्णालयांत, बदली होईल तिथे. आता माझ्या भाचीची लेक बीएस्सी नर्सिंगला जाते म्हणतेय आणि घरात दोन तट पडलेत. वडील म्हणतात, "नीटला मार्क कमी पडले म्हणून हे का?" आई म्हणते, "परदेशी जाईल, पोरगी मार्गाला लागेल." पोरीला कुणी फारसं विचारलेलं नाही. निवाडा माझ्याकडे आलाय.

गेल्या वर्षी यजमानांच्या बायपासमुळे एका मोठ्या खासगी रुग्णालयात राहणं झालं. तिथल्या मुली हुशार, त्यात वाद नाही. इन्फ्यूजन पंप, मॉनिटर, व्हेंटिलेटर असं हाताळत होत्या जसा मोबाईलच. आम्ही घड्याळात बघून सलाईनचे थेंब मोजायचो. पण वॉर्डात आणल्यावर यजमानांची पाठ कुणी पाहिली नाही. आमच्या वॉर्डात सकाळ-संध्याकाळ बॅक केअर ठरलेली असे. रुग्णाला कुशीवर वळवायचं, साबणपाण्याने पाठ पुसायची, स्पिरिट चोळायचं, पावडर लावायची, चादरीची सुरकुती ओढून काढायची. ते करताना पाठीवरचा लाल डाग दिसायचा, तसाच रुग्ण गप्प का आहे तेही कळायचं. इथे मी स्वतःच यजमानांना वळवलं. सिस्टर दारातल्या कॉम्प्युटरच्या ट्रॉलीवर टाईप करत होती. मी विचारलं तर म्हणाली, "आजी, बघते हां, आधी हे भरते."

तर माझा प्रश्न असा. हात रुग्णावरून निघून की-बोर्डवर गेले, ते आपसूक गेले की कुणी नेले? आणि अशा नर्सिंगला या पोरीला पाठवावं का? या पेशातल्या लोकांनी लिहावं, इतरांनीही लिहावं.

चहाबाज
आधण ठेवलंय. धागा शंभरी गाठणार.

खडूस_आजोबा
ताई, तुमच्या काळातल्या सिस्टर इंजेक्शन देताना ओरडायच्याही. काचेची सिरिंज उकळत्या पाण्यातून चिमट्याने काढलेली, सुई बोथट, आणि वर "हलू नका, एवढे मोठे झालात!" आताची मुलगी निदान "सर, थोडं टोचेल" म्हणते. माझं मत आताच्या पोरींना.

पिवळी_पिशवी
सुमनताई, मी पुण्यात आयसीयूत आहे, बीएस्सी झाल्यापासून खासगीतच. तुमचा प्रश्न वाचून आधी राग आला, मग चार तास झोपले, आता लिहिते.

त्या ट्रॉलीवरची मुलगी काय भरत होती ते सांगू? दर तासाचे वायटल्स. इनटेक-आऊटपुट. पेन स्कोअर. रुग्ण पडण्याचा धोका किती, त्याचा वेगळा तक्ता. सलाईनच्या जागी सूज आहे का, त्याचा वेगळा. औषध दिलं की बारकोड, जोखमीचं औषध असेल तर दुसऱ्या सिस्टरची सही. फार्मसीचा इंडेंट, म्हणजे औषधांची मागणी. वापरलेला प्रत्येक ग्लोव्ह आणि प्रत्येक सिरिंज बिलात चढवायची, विसरली तर तिच्याकडून खुलासा मागतात. कॅशलेसवाल्यांना हवी असलेली कागदं. आणि गंमत म्हणजे बेडसोरचा, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेचा, धोका किती आहे त्याचाही तक्ता असतो, ब्रेडन स्केल म्हणतात. तो ती भरत असेल आणि तो भरण्यात वेळ गेला म्हणून पाठ पाहायची राहिली असेल, हेही अगदी शक्य आहे. ऑडिट आलं की एकच वाक्य ऐकवतात, "लिहिलं नाही म्हणजे केलं नाही." उलटं कुणी विचारत नाही, की लिहिलंय पण केलंय का?

दुसरं. व्हेंटिलेटरच्या रुग्णाला एक नर्स असावी असं सगळी पुस्तकं सांगतात. मला दोन असतात, कुणी सुट्टीवर गेलं की तीन. वॉर्डात रात्री एकीकडे दहा-बारा. तुमच्या यजमानांच्या सिस्टरकडे किती होते, मोजलं होतंत का?

तिसरं, आणि हे प्रेमाने सांगते. स्पिरिट चोळणं आता शिकवत नाहीत. त्याने कातडी कोरडी पडते, आणि हाडावरच्या लाल झालेल्या जागेला मालिश केलं तर आतली इजा वाढते. आता दर दोन तासांनी कूस बदलायची, त्वचा कोरडी-स्वच्छ ठेवायची, एअर मॅट्रेस द्यायची.

सुमनताई
पिवळीबाई, आधी झोपा पुऱ्या करा. स्पिरिटचं मान्य, आमच्या शेवटच्या वर्षांत ते बंदच झालं होतं. पण दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणता, ती बदलतं कोण? दोन दिवस मीच बदलली. शेजारच्या खाटेवर त्यांचा जावई बदलत होता, बिचारा बँकेतून रजा काढून आलेला.

रुग्ण किती होते ते मोजले नव्हते, पण तुमचं म्हणणं पोचलं.

अर्धवट
नातेवाईक म्हणजे आपल्याकडची बिनपगारी नाईट ड्यूटी. सासऱ्यांच्या वेळी मी युरिन बॅग रिकामी करायला शिकलो. बायको अजून चारचौघांत कौतुक करते, जेवताना.

इतिहासवेडा
थोडं मागे जाऊ या, म्हणजे "हा पेशा कसला" असं विचारणाऱ्या वडिलांचं म्हणणं कुठून येतं ते कळेल.

नर्सिंगच्या इतिहासाच्या पुस्तकांत एक नाव हमखास सापडतं, बाई काशीबाई गणपत. १८९१ साली मुंबईत नर्सिंगच्या शिक्षणाला आलेली पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांची नोंद आहे. त्यांच्याविषयी याहून जास्त काही हाताशी लागत नाही, यातच सगळं आलं. त्या काळी परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कुणाचंही मलमूत्र काढायचं, जातीपातीचा विचार न करता सगळ्यांना भरवायचं, हे घरंदाज म्हणवणाऱ्या घरातून कोण करू देणार? म्हणून सुरुवातीला मिशनऱ्यांच्या रुग्णालयांतून ख्रिस्ती मुली पुढे आल्या. आपल्याकडे मिरजेचं वॉन्लेस हे त्याचं ठळक उदाहरण. पुढे रमाबाई रानड्यांच्या पुण्यातल्या सेवासदनाने विधवा मुलींना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं तेव्हाही कुरकुर झालीच.

सरकारने आरोग्यव्यवस्था तपासायला नेमलेल्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात देशात साधारण ४३ हजार लोकांमागे एक नर्स असा हिशोब आहे. नर्सेसची राष्ट्रीय परिषद नेमण्याचा कायदा १९४७ चा. म्हणजे पेशाला सरकारी चौकट मिळाली ती देशाच्या स्वातंत्र्याच्याच वर्षी, आणि हात मात्र पहिल्यापासूनच अपुरे.

खडूस_आजोबा
इतिहासवेडा, छान माहिती. पण केरळच्या मुली राहिल्या. मुंबईतल्या कुठल्याही हॉस्पिटलात जा, अर्ध्या सिस्टर मल्याळी. आमच्या कॉलनीत एक होत्या, मराठी अशी बोलायच्या की भाजीवालीशी घासाघीस करताना आम्ही त्यांनाच पुढे करायचो.

इतिहासवेडा
बरोबर. तिथेही सुरुवात ख्रिस्ती घरांतूनच झाली. नंतर आखाती देश आणि युरोपची दारं उघडली आणि गावंच्या गावं शिकली. आपल्याकडे पगार दिसायला लागल्यावर लाज कमी झाली, तिकडे ती आधी कमी झाली होती.

ब्रदर_बीडकर
लाज कमी झाली म्हणता? माझ्या लग्नाची गोष्ट सांगतो. मुलगी बघायला गेलो. तिच्या मामांनी विचारलं, काय करता? म्हटलं, नर्स आहे. मामा म्हणाले, "नाही, मिसेस नाही, तुम्ही काय करता?" सरकारी नोकरी म्हटल्यावर पोहे आले.

रुग्णांचंही तेच. आत गेलो की निम्मे "डॉक्टर" म्हणतात, निम्मे "ओ कंपाउंडर". ब्रदर म्हणणारा विरळा. बाकी अपघात विभाग, मनोरुग्ण विभाग, ऑर्थो, जिथे ऐंशी किलोच्या माणसाला उचलायचं असतं, तिथे मॅडम स्वतः म्हणतात, "ब्रदर कुठे गेले?" भरतीची वेळ आली की मात्र ब्रदर कुणालाच आठवत नाहीत. एम्सने २०१९ मध्ये ऐंशी टक्के जागा बायकांना आणि वीस पुरुषांना असं ठरवलं. त्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल, पण बाई म्हणजे सेवा आणि पुरुष म्हणजे मदतनीस, हे डोक्यातून गेल्याशिवाय हा पेशा मोठा होणार नाही असं माझं मत आहे.

सुमनताईंच्या प्रश्नाला उत्तर: सरकारीत हात की-बोर्डवर गेलेले नाहीत, रजिस्टरवर आहेत. आमच्याकडे कॉम्प्युटर आहे, पण त्याच्यावर कव्हर आहे.

चहाबाज
=)) कव्हर धुवायला कधी टाकता?

ब्रदर_बीडकर
लिनन एक्स्चेंजच्या दिवशी.

डॉक्टर_टाके
मी सर्जन, त्यामुळे पूर्वग्रह धरूनच वाचा.

इंटर्नशिपला प्रसूती विभागात रात्री एक झटक्यांची बाई आली होती, एक्लॅम्पसिया. झटके थांबवायचं मॅगसल्फ सुरू केलेलं. पुढच्या डोसची वेळ झाली आणि मी सिरिंज भरून निघालो. तिथल्या सिस्टर, वय पन्नासच्या पुढे, ओटीपोटावरून चादर सारखी करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गुडघा पाहिला?" मी थांबलो. त्यांनी खिशातून हातोडी काढून गुडघ्यावर मारली, पाय हलला. मग पोटाकडे बघत श्वास मोजले, लघवीची पिशवी वर उचलून दिव्यासमोर धरली, आणि मग "द्या" म्हणाल्या. गुडघ्याची प्रतिक्रिया गेली, श्वास मंदावला किंवा लघवी कमी झाली तर ते औषध रक्तात साठतंय असं समजायचं आणि पुढचा डोस थांबवायचा. हे मी पुस्तकात वाचलेलं होतंच. पण मला डोसची वेळ आठवली आणि त्यांना बाई आठवली.

आता मॉनिटर जास्त आहेत आणि अशा सिस्टर कमी. दोष मॉनिटरचा नाही. दोन-तीन वर्षांत त्या नोकरी सोडून जातात. एका विभागात दहा वर्षं काढलेली सिस्टर मला शेवटची कधी भेटली ते सांगता येणार नाही.

पिवळी_पिशवी
डॉक्टरसाहेब, का सोडून जातात तेही लिहा की. माझ्या पहिल्या नोकरीत पंधरा हजारांच्या आत सही केली होती, आणि मूळ सर्टिफिकेटं त्यांच्या कपाटात. सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये स्पष्ट लिहिलंय: पन्नासच्या आत खाटा असल्या तरी वीस हजारांच्या खाली पगार नको, आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सएवढा. किती जणांनी पाळलं? तुमच्या ओपीडीच्या बाहेरच्या सिस्टरला विचारा.

डॉक्टर_टाके
विचारलं. गप्प बसतो.

चौकोनी_कॅप
मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. सुमनताईंच्या मूळ प्रश्नात एक गोष्ट कुणीच काढली नाही, म्हणून लिहिते. थोडं लांबेल.

ताई, तुमच्या वॉर्डात सकाळ-संध्याकाळ बॅक केअर कोण करायचं? आठवून बघा. स्टाफ नर्स? वॉर्डात स्टाफ दोन, फार तर तीन. बाकीच्या सगळ्या विद्यार्थिनी. पहिल्या वर्षाच्या मुली बेड मेकिंग, स्पंजिंग, बेडपॅन. दुसऱ्या वर्षाच्या ड्रेसिंग, औषधं. तिसऱ्या वर्षाची मुलगी रात्री आख्खा वॉर्ड सांभाळायची आणि नाईट सुपर, म्हणजे रात्रीच्या मुख्य सिस्टर, फेरीला आल्या की ओव्हर, म्हणजे सगळ्या रुग्णांचा अहवाल, द्यायची. स्टायपेंड नावाचे थोडे पैसे, होस्टेल, जेवण, आणि होम सिस्टरची रात्रीची हजेरी. म्हणजे जे सुंदर बेडसाईड नर्सिंग आपण आठवतो ते शिकाऊ मुलींच्या जवळजवळ फुकट श्रमावर चालत होतं. त्या मुली तिथून उठल्या, पण त्यांच्या जागी पगारी माणसं आलीच नाहीत.

उठल्या त्या बरोबरच उठल्या, शिकायला आलेल्या मुलीला कामाला जुंपणं योग्य नव्हतंच. पण दुसऱ्या टोकाला गेलो. खासगी कॉलेजं भराभर निघाली. नियमाने कॉलेजचं स्वतःचं रुग्णालय लागतं, ते पुष्कळ ठिकाणी कागदावर असतं, तपासणीच्या दिवशी खाटा भरतात. मुलगी चार वर्षं मॅनिकिनवर, म्हणजे प्लॅस्टिकच्या पुतळ्यावर, कॅथेटर घालते. सरकारी वॉर्डात पोस्टिंग मिळतं तेव्हा एका खाटेभोवती आठ मुली वह्या घेऊन, कारण प्रत्येकीला केअर प्लॅन लिहायचा असतो. वह्या इतक्या देखण्या असतात म्हणून सांगू. लिहायची सवय आम्हीच लावतो, हे मी शिकवणारी म्हणून म्हणते.

सुमनताई
चौकोनी कॅप, हे तुम्ही बरोब्बर पकडलंत. तिसऱ्या वर्षाला मी पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात एकटी रात्र काढत असे. रिकाम्या वेळात गॉज कापायचे, कापसाचे बोळे करायचे आणि ड्रम भरून ऑटोक्लेव्हला पाठवायचे. ग्लोव्हज धुऊन, वाळवून, भोक आहे का ते फुगवून बघायचे, पावडर लावून जोड्या लावायच्या. रिकामा वेळ म्हणते खरी, तो काही रिकामा नसे.

तरी एक सांगते. फुकट राबवून घेतलं हे खरं, पण त्या राबण्यात हात बसला. तुमच्या आठ मुलींच्या वह्यांतून तो बसणार नाही. मधला रस्ता काय, ते तुम्ही शिकवणाऱ्यांनी सांगायचं.

श्टुटगार्टची_सून
मी मधला रस्ता बघतेय म्हणून लिहिते, पण तोही गुळगुळीत नाही.

साताऱ्यात बीएस्सी, मग जर्मन भाषेची बी-२ पातळी, मग इथे येऊन पदवीला मान्यता मिळेपर्यंत सहायक म्हणून काम, परीक्षा, आणि आता पूर्ण नर्स. पहिल्या दिवशी हातात काय आलं? पाण्याचा टब आणि दोन टॉवेल. सकाळी रुग्णाला आंघोळ घालायची, दात घासायचे, कपडे बदलायचे, भरवायचं. नातेवाईक रात्री थांबत नाहीत, मावशी-मामा नाहीत. मला रडू आलं, कारण पुण्यात मी व्हेंटिलेटर सांभाळत होते आणि इथे सलाईनची सुई लावायलाही आमच्याकडे डॉक्टर येतात. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "एवढं शिकून हेच?"

सहा महिन्यांनी मत बदललं. पुसता पुसता आजोबांच्या टाचेवरचा डाग मला पहिल्यांदा दिसला, ते सुमनताई म्हणतात तसंच. आणि इथे संख्या कायद्याने बांधलेली आहे. आयसीयूत दिवसा दोन रुग्णांमागे एक नर्स, रात्री तिघांमागे एक, याहून कमी हात ठेवले तर रुग्णालयाला दंड. तरीही माणसं कमीच पडतात, म्हणून तर आम्हाला बोलावलं. आणि कागद इथेही ढीगभर, फक्त जर्मनमध्ये.

पिवळी_पिशवी, तुझी रोजची लढाई मी विसरलेले नाही. वाटलं तर व्यनि (खासगी निरोप) कर, भाषेच्या क्लासबद्दल सांगते. आधी पैसे मागणाऱ्या एजंटांपासून लांब राहा.

अर्धवट
म्हणजे जर्मनीतली आजोबांची टाच आपल्या पोरी बघणार आणि आपल्या आजोबांची टाच अर्धवटराव बघणार. वा.

नदीकाठ
सगळी चर्चा खाटेभोवती चाललीय. आमच्या खाटा नाहीत हो. मी एएनएम, म्हणजे गावपातळीवरची नर्स, नंदुरबार जिल्ह्यात, धडगावच्या बाजूला. आम्हाला सिस्टर कुणी म्हणत नाही, नर्सबाई.

नियमाने डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र, इतरत्र पाच हजारांमागे. तीन हजार ऐकायला थोडे वाटतात. पाडे एकमेकांपासून एवढे लांब की लसीकरणाच्या दिवशी पहाटे आरोग्य केंद्रातून व्हॅक्सिन कॅरिअर घ्यायचा, चार आईसपॅक घामेजले की नाही ते बघून भरायचे, कारण एकदम कडक बर्फ असला की काही लशी गोठून वाया जातात. कुपीवरच्या चौकोनाचा रंग बघायचा, आतला चौकोन बाहेरच्या गोलाएवढा गडद झाला की ती लस टाकून द्यायची. मग चालायचं. नर्मदेच्या काठच्या काही पाड्यांना तर बोटीतला दवाखाना जातो.

बदल काय झाला? मी लागले तेव्हा बाळंतपणं घरीच, दाईच्या हाताने. आम्ही दाईला ब्लेड, दोरा, साबण यांचं किट द्यायचो आणि देवाचं नाव घ्यायचो. २००५ नंतर गावागावांत आशा कार्यकर्त्या आल्या, दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला पैसे देणारी जननी सुरक्षा योजना आली, २०१४ पासून १०८ ची गाडी आली. बायका दवाखान्यात यायला लागल्या. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे "पूर्वीचं ते चांगलं" हे मला पटत नाही, ताई माफ करा. आमच्याकडे पूर्वी आई मरायची.

पण की-बोर्डचं दुखणं आमच्याकडेही पोचलं. गरोदर बाईची नोंद रजिस्टरात, तीच मोबाईलच्या ॲपात, तीच महिन्याच्या अहवालात. रेंज नाही म्हणून टेकडीवर चढून एंट्री करायची. वरून फोन येतो, "तुमचा डेटा लाल दिसतोय." बाई ठणठणीत आहे, डेटा लाल आहे.

चहाबाज
"बाई ठणठणीत आहे, डेटा लाल आहे". अख्ख्या धाग्याचं वाक्य. चहा माझ्याकडून.

सुमनताई
नदीकाठ, माफी कसली मागता. आम्हीही उशिरा पोचलेल्या बाळंतिणी पाहिल्यात, चादर लाल झालेली असायची. मी पूर्वीचं सगळं चांगलं म्हणत नाहीच. एकच गोष्ट मागतेय, हात लावायला वेळ.

कोरडा_ठाक
एक बाहेरचा म्हणून लिहितो. कोविडमध्ये टाळ्या-थाळ्या वाजवल्या, २०२० हे जागतिक आरोग्य संघटनेने नर्सेसचं आणि दायांचं वर्ष म्हणून जाहीर केलेलं होतं. माझ्या बहिणीला जंबो सेंटरमध्ये, म्हणजे कोविडच्या तात्पुरत्या रुग्णालयात, कंत्राटावर नर्स म्हणून घेतलं. पीपीईमध्ये सहा सहा तास पाणी नाही, लघवीला जाता येत नाही. लाट ओसरल्यावर एका व्हॉट्सॲप मेसेजवर नोकरी संपली. मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी नर्सेस संपावर गेल्या, तोही कंत्राटी भरतीविरुद्धच. तेव्हा याच कॉलनीतले थाळीवाले म्हणाले, रुग्णांना वेठीला धरतात. पोरीला पाठवायचं तर हे सांगून पाठवा.

ब्रदर_बीडकर
+१. अकरा महिन्यांची ऑर्डर, एक दिवस खंड, परत अकरा महिने. माझे अर्धे सहकारी असे आहेत. आणि कंत्राटी माणूस तक्रार करत नाही, हे वरच्यांना चांगलं ठाऊक असतं.

खडूस_आजोबा
विषय निघालाच आहे तर, माझी बीपीची गोळी सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची की नाश्त्यानंतर? डॉक्टर फोन उचलत नाहीत.

पिवळी_पिशवी
आजोबा, गोळीचं नाव न सांगता कुणी उत्तर दिलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पाकीट घेऊन औषधाच्या दुकानात जा. आणि रोज ठरलेल्या वेळी घ्या, विसरलात म्हणून दोन एकदम नाही.

डॉक्टर_टाके
बघा, हेच ते. फी न घेता, ड्यूटी संपल्यावर.

इतिहासवेडा
पाठीच्या काळजीवर इतकं बोललो आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयाचं नाव आलं नाही. अरुणा शानबाग त्याच रुग्णालयात नर्स होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथेच त्यांच्यावर हल्ला झाला. १८ मे २०१५ ला त्या गेल्या, तोवर जवळजवळ ४२ वर्षं त्याच रुग्णालयातल्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं, आणि अंथरुणाला खिळलेल्या त्या बाईच्या अंगावर बेडसोर होऊ दिला नाही. २०११ मध्ये दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला तेव्हा निकालपत्रात या शुश्रूषेचं कौतुक आहे. नर्सेसच्या किती पिढ्या बदलल्या असतील, काळजी बदलली नाही.

पिवळी_पिशवी
ही गोष्ट आम्हाला पहिल्या वर्षाला सांगतात, आणि दर वेळी फक्त दुसरा अर्धा भाग. पहिला अर्धा भाग असा की एक नर्स ड्यूटी संपल्यावर कपडे बदलायला तळघरात गेली होती, कारण तिला दुसरी धड जागा नव्हती. त्यानंतर मुंबईतल्या नर्सेसनी संप केला तो सुरक्षित जागेसाठी. आजही माझ्या पाहण्यातल्या कितीतरी ठिकाणी चेंजिंग रूम म्हणजे स्टोअरचा कोपरा आहे. सेवेचं कौतुक जरूर करा, पण कडीकोयंडाही लावून द्या.

चौकोनी_कॅप
टाळ्या.

नलू७
पहिल्यांदाच लिहितेय. सुमनताई, पोरीचं काय ठरलं?

सुमनताई
नलू, बरं झालं विचारलंस, मंडळी फिरून फिरून कुठे गेली. काल तिला धागा वाचायला दिला. तिच्या वडिलांनाही. वडील ब्रदर बीडकरांच्या लग्नाची गोष्ट वाचून हसले आणि नदीकाठ यांचं वाचून गप्प झाले. पोरीने विचारलं, "आजी, जंबो सेंटरवाल्या मावशी आता काय करतात?" मला उत्तर देता आलं नाही. कोरडा ठाक, सांगाल का?

माझा निवाडा: जाऊ दे. पण कॉलेज बघून, आणि पहिली नोकरी तिथे जिथे मोठ्या सिस्टर टिकून आहेत. मोठी इमारत बघून नको. माझ्या प्रश्नाचं उत्तरही मला बरंचसं मिळालं. हात आपसूक गेले नाहीत. आधी पोरींच्या फुकट हातांवर भागवलं, मग नातेवाइकांच्या, आणि मधल्या जागेत फाईल आणून ठेवली. तरी त्या ट्रॉलीवाल्या मुलीला मी एक म्हणेनच, की फाईल भरता भरता एकदा तरी चादर उचलून बघ. त्याला दोन मिनिटं लागतात.

पिवळी_पिशवी
दहा रुग्णांची वीस मिनिटं होतात, ताई. पण बघते. काल बघितली.

कोरडा_ठाक
बहीण आता डायलिसिस सेंटरला आहे, ठाण्यात. कंत्राटच, पण तीन वर्षांचं. रुग्ण तेच तेच येतात आठवड्यातून तीनदा, त्यामुळे नावानिशी ओळखते, तिला ते आवडतं.

नलू७
कॉलेज बघून म्हणजे काय काय बघायचं? माझ्या मुलीलाही जायचंय.

चौकोनी_कॅप
नर्सिंग कौन्सिलची मान्यता त्या वर्षाची आहे का ते कागद मागून बघा, भिंतीवरची फ्रेम जुनी असते. रुग्णालय त्यांचंच आहे का, आणि तपासणीचा दिवस सोडून एखाद्या मंगळवारी जाऊन खाटांवर खरंच माणसं आहेत का ते पाहा. वरच्या वर्षाच्या मुलींना कॅन्टीनमध्ये गाठा आणि विचारा, शेवटचं इंजेक्शन कधी दिलं. बाँड असेल तर किती वर्षांचा आणि मोडला तर किती पैसे, हे लेखी घ्या. मूळ सर्टिफिकेटं पडताळणीपुरती दाखवायची, ठेवून घेतो म्हणाले तर उठून या. होस्टेलच्या बाथरूमला कडी आहे का तेही बघा, हे पिवळी_पिशवीमुळे सुचलं.

नलू७
धन्यवाद. मंगळवारीच जाते.